नव्या पुलाची शंभरी

शनिवारवाड्याकडून शिवाजीनगरास नेणारा मुठेवरील दगडी पूल १९२३ साली खुला झाला. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्यास मिळाले. पुढे ते जाऊन शिवछत्रपतींचे आले. पुणेकर मात्र त्यास अद्याप ‘नवा पूल’च म्हणतात. शंभरी उलटलेल्या पुलास हे विशेषण शोभते काय, हा वाद पुण्यातच रंगावा! पण ती शंभरी थट्टेवारी नेण्याजोगी नाही.

या पुलाचे सौंदर्य नक्षीत नाही, कमानींत आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून पाचरीसारखे घडवलेले दगड असे बसवावयाचे की, वरचे ओझे वाढेल तसे त्यांनी एकमेकांस अधिक घट्ट धरावे आणि सारा भार खांबांवाटे नदीच्या तळात उतरावा. गणपतराव केंजळे यांनी हे काम उभे केले. पादचाऱ्याने थांबून नदी पाहावी म्हणून पुलास अर्धगोल सज्जेही ठेवले. आज तेथे नाकास रुमाल लावावा लागतो, हा दोष पुलाचा नव्हे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि मुठेचे पाणी या पुलावरून गेले. पाणी ओसरले तेव्हा पूल जागेवर होता. याचा आपणां सर्वांस अभिमान आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आम्हांस धोक्याची वाटते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील इंग्रजी आमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला, एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तोही पूल आदल्या दिवसापर्यंत उभाच होता. असल्या पुलाचे दुखणे रस्त्यावरून दिसत नाही. पूर खांबांखालची माती उकरतो, सांध्यांतला चुना झिजतो, फटीत पिंपळ रुजतो.

रंगरोषणाईने यातले काहीच बरे होत नाही. दर पावसाळ्यानंतर पाणबुडे उतरवून पायांची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल मराठीत नागरिकांपुढे यावा, अशी आमची मागणी आहे. सांधे चुन्यानेच भरावेत. सिमेंट ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा फोडते. खर्चाची सबब कोणी सांगेल, अंतराची सांगू शकणार नाही. महापालिकेची इमारत पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे.