चव कोणाच्या मालकीची?

एखादी गिरणी बंद पडली, की मोर्चे निघतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. एखादा सॉस, एखादे सरबत किंवा एखादे लोणचे बाजारातून कायमचे नाहीसे झाले, तर यापैकी काहीच घडत नाही. गिऱ्हाईक नेहमीची बाटली मागते. दुकानदार मागे वळूनही न पाहता "हल्ली माल येत नाही" असे सांगतो आणि दुसरी बाटली पुढे सरकवतो. चार-सहा महिने लोक विचारीत राहतात, मग विचारणेही थांबते. ती चव नेमकी कोणत्या दिवशी संपली, हे कोणालाच सांगता येत नाही. जिने वर्षानुवर्षे आपल्या जेवणाला रुची आणली तिच्या कर्त्यांची नावे तर आपल्याला कधी ठाऊकच नव्हती. अशा हरवलेल्या स्थानिक चवींविषयी वडीलधारी माणसे हळहळू लागली, की तरुण मंडळी त्याला म्हातारपणाचा चाळा समजून हसतात. आमच्या मते या हळहळीत हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

या विचाराला हैदराबाद शहर विशेष सोयीचे आहे. चव टिकते कशी, याची निरनिराळी उदाहरणे तेथे एकाच गावात पाहावयास मिळतात. हैदराबादी जेवणातला तो दाट, तपकिरी रस्सा घ्या. बघारे बैंगन काय किंवा बिर्याणीबरोबर वाढले जाणारे मिरचीचे सालन काय, दोहोंचा जीव तीळ, शेंगदाणे, सुके खोबरे आणि चिंचेचा कोळ यांच्या एकजीव वाटणात आहे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली. १९५६ साली संस्थानाचे त्रिभाजन होऊन मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचा भाग तीन दिशांना गेले. सालनाच्या चवीला मात्र धक्का लागला नाही. सातव्या निजामाचे, उस्मान अली खानांचे, नाव धारण करणारे उस्मानिया बिस्कीटही तसेच. इराणी हॉटेलांत चहाबरोबर ते आजही मिळते आणि एका बेकरीने ते बंद केले, तर दुसऱ्या दहा बेकऱ्या ते भाजायला तयार असतात. या चवींना मालक नाही, म्हणून त्या बंद करण्याचा अधिकारही कोणाला नाही.

बाटलीत भरली जाणारी चव मात्र अशी सर्वांची नसते. तिच्यावर कोणा एकाचे नाव असते, आणि नाव म्हटले की खरेदी-विक्री आली. याचे बोलके उदाहरण साहेबाच्या देशातच आहे, आणि गंमत अशी की त्या चवीतही आपल्याकडची चिंच आहे. नॉटिंगहॅमच्या गार्टन नावाच्या किराणा दुकानदाराने एक तपकिरी सॉस तयार केला आणि १८९५ साली 'एच.पी.' या नावाने त्याची नोंदणी केली. लंडनच्या पार्लमेंटातील उपाहारगृहात आपला सॉस वाढला जातो, असे त्याच्या कानी आले होते. म्हणून पार्लमेंटाच्या इमारतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे त्याने घेतली. पुढे व्हिनेगरच्या व्यापाऱ्याचे देणे त्याच्या अंगावर आले, तेव्हा अवघ्या १५० पौंडांत त्याने कृती आणि नाव दोन्ही देऊन टाकले. हा सॉस बर्मिंगहॅमजवळच्या ॲस्टन येथे शंभरावर वर्षे तयार होत राहिला. मालक मात्र बदलत गेले. २००५ साली तो अमेरिकेच्या हाइंझ कंपनीकडे गेला, दुसऱ्या वर्षी कारखाना हलविण्याची घोषणा झाली आणि २००७ च्या मार्चमध्ये ॲस्टनचा कारखाना बंद होऊन उत्पादन हॉलंडमध्ये गेले. बर्मिंगहॅमचे खासदार खालिद महमूद यांनी निषेध म्हणून भर पार्लमेंटात सॉसची बाटली उंचावून दाखविली. उपयोग झाला नाही. सव्वाशेच्या आसपास कामगारांची नोकरी गेली. बाटलीवर पार्लमेंटाचे चित्र आजही आहे, पण बाटली येते ती परदेशातून. येथे चव राहिली आणि तिचे कर्ते गेले.

आपल्याकडे याच्या पुढची पायरी गाठली गेली. विलेपार्ल्याच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या पार्ले घराण्याचे 'गोल्ड स्पॉट' हे संत्र्याच्या चवीचे पेय एका संपूर्ण पिढीच्या वाढदिवसांचे, सहलींचे आणि लग्नघरांचे पेय होते. १९७७ साली कोकाकोला कंपनीने भारत सोडला, तेव्हा देशी पेयांना मोकळे रान मिळाले. १९९३ साली तीच कंपनी परत आली आणि थम्स अप, लिम्का, माझा, सिट्रा यांच्याबरोबर गोल्ड स्पॉटही तिने विकत घेतले. नव्या मालकाकडे स्वतःचे संत्र्याचे पेय आधीच होते. तेव्हा २००० सालच्या सुमारास गोल्ड स्पॉट बाजारातून उठले. मुंबईच्या खेतवाडीत १८८९ साली पांडोळे या पारशी गृहस्थांनी सुरू केलेल्या 'ड्यूक्स'ची कथा हिच्याहून फार निराळी नाही. पारश्यांच्या लग्नाच्या पंगतीत ज्याच्याशिवाय चालत नसे ते रासबेरी आणि मुंबईकरांच्या आवडीचे मॅंगोला हे याच घरचे. १९९४ साली हा व्यवसाय पेप्सीने घेतला. मधूनमधून जुन्या नावाचे पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न झाले. परंतु जे गेले ते पहिल्यासारखे परतले नाही. येथे कर्ते गेले आणि त्यांच्यामागून चवही गेली.

याचा दोष केवळ परकीय भांडवलाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. स्वदेशीच्या चळवळीत वाढलेल्या पिढीला तो मोह होतोही. पण वस्तुस्थिती तशी सरळ नाही. इंग्रजांचा सॉस अमेरिकनांनी घेतला, तेव्हा इंग्रजांचीही तीच गत झाली. शिवाय विकणाऱ्यांना कोणी सक्ती केली नव्हती. जागतिक कंपनीच्या जाहिरातीपुढे आणि वितरणापुढे आपण टिकणार नाही, असा हिशेब करूनच त्यांनी सौदा केला. तो हिशेब चुकीचा होता, असे घरबसल्या म्हणणे अन्यायाचे होईल. गोल्ड स्पॉटबरोबर विकले गेलेले थम्स अप मात्र मेले नाही, कारण लोकांनी ते मागणे सोडले नाही. नव्या मालकाला शेवटी स्वतःच्या पेयाशेजारी त्याला मानाचे स्थान द्यावे लागले. हळहळणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा : ती बाटली मिळत होती, तेव्हा शेवटच्या वर्षी आपण ती कितीदा घेतली? आणि आपण जिच्यासाठी झुरतो ती चव खरोखर बाटलीतली, की आपल्या हरवलेल्या वयाची, हेही पाहावे.

एवढे मान्य करूनही मुद्दा उरतोच, आणि त्यासाठी पुन्हा हैदराबादला जावे लागते. त्या शहरात एक लहानशी बाटली आहे. तिच्यातील द्रवही तपकिरीच, पण ते तोंडी लावणे नव्हे, औषध आहे. 'जिंदा तिलिस्मात' हे तिचे नाव. हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारूकी यांनी १९२० साली ते सिद्ध केले. निलगिरीचे तेल, कापूर, ओव्याचे सत्त्व अशा द्रव्यांचे हे मिश्रण सर्दी-पडशाला, खोकल्याला, पोटदुखीला लोक घरोघरी वापरतात; कोणी चहात थेंब टाकतो, कोणी कपाळाला चोळतो. वेष्टनावर निजामाच्या फौजेतील सिद्दी जवानाचे चित्र आहे. त्याच्या गुणांचा निवाडा वैद्यांनी करावा. आमचा मुद्दा वेगळा आहे. या औषधाने २०२० साली शंभरी पार केली. संस्थान गेले, राज्ये बदलली, मोठमोठ्या औषध कंपन्या दाराशी आल्या. पण हैदराबादच्या अंबरपेठेतील कारखाना आणि बाटलीवरचे नाव दोन्ही संस्थापकाच्या कुटुंबाकडेच राहिली. करणारा हात आणि विकणारे नाव यांची फारकत तेथे झाली नाही. बाटली आज दुकानात दिसते याचे कारण आमच्या मते हेच आहे. फारकत झाली, की नाव हे केवळ कागदावरचे धन उरते, आणि कागद तिजोरीत बंद करून ठेवला तरी धन्याचे काही बिघडत नाही.

या फारकतीकडे कायदा कसा पाहतो? पेटंट घेणाऱ्याला समाज वीस वर्षांची मक्तेदारी देतो, परंतु त्या बदल्यात शोधाची संपूर्ण कृती जाहीर करवून घेतो. मुदत संपली, की ती सर्वांची होते. व्यापारचिन्हाचे नूतनीकरण दर दहा वर्षांनी करीत राहिले, तर त्याला अंत नाही, आणि त्याबद्दल समाजाला काहीच द्यावे लागत नाही. १९९९ च्या आपल्या व्यापारचिन्ह कायद्यात ४७ वे कलम आहे. पाच वर्षांहून अधिक काळ एखादे नाव प्रामाणिकपणे वापरले गेले नसेल, तर ते नोंदवहीतून काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो. तरतूद चांगली आहे. पण तिने फार तर नाव मोकळे होते. कृती गुपित असते आणि गुपितच राहते. ज्या वाटणाला तीन पिढ्यांनी हात लावला ते जाणकारांबरोबर चितेवर किंवा दफनभूमीत जाते.

म्हणून आमची सूचना अशी आहे. खाद्यपदार्थाचे नाव विकणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने त्याची कृती मोहोरबंद पाकिटात एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे ठेवावी, अशी तरतूद व्हावी. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था यासाठी योग्य आहे. माल बाजारात आहे तोवर पाकिटाला कोणी हात लावू नये. सलग पाच वर्षे उत्पादन बंद राहिले, तर ते उघडावे आणि जो कोणी करू इच्छील त्याला करू द्यावे. यात धंद्याचे गुपित फुटते, असे म्हणता येणार नाही. जो धंदाच करीत नाही त्याचे गुपित कसले? कागदावरची कृती म्हणजे चव नव्हे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९७७ साली कोकाकोलाच्या जागी सरकारने 'डबल सेव्हन' आणले, तेव्हा सूत्र याच म्हैसूरच्या संस्थेने दिले होते. ते पेय टिकले नाही. खरेच आहे, सूत्राला हात लागतो. परंतु सूत्रच नसेल, तर हात तरी काय करणार?

जी चव एका घराची नसून गावाची आहे तिच्यासाठी वाट आधीच खुली आहे. हैदराबादच्या हलीम बनविणाऱ्यांनी एकत्र येऊन २०१० साली आपल्या पदार्थाला भौगोलिक मानांकन मिळविले. भांडे कोणते, भट्टी कोणती, किती तास शिजवायचे हे सारे लेखी झाले. आपल्या किनाऱ्यावरही २००९ साली काजूच्या फेणीला आणि त्यानंतर काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला, हरमलच्या मिरचीला व जत्रेतल्या खाज्यांना तो मान मिळाला. पण आगळ, माडाचा गूळ, माडाच्या सुरेचे व्हिनेगर, आंबाड्याचे लोणचे आणि घरगुती मसाले करणारी कितीतरी घरे अजून कोणत्याच वहीत नाहीत. त्यांची मुले शहरात नोकरीला आहेत आणि माडावर चढणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याकडे नाव विकत घ्यायलाही कोणी येणार नाही; ती चव तशीच, आवाज न करता, जाईल.

सरकारला तरतूद करायची तेव्हा ते करील. तोपर्यंत दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. ज्यांच्या घरी असे काही तयार होते त्यांनी कृती प्रमाणासकट आणि करणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवावी. गूळ किती, हे सांगावेच, पण पाक झाला हे कशावरून ओळखायचे, हेही सांगावे. आणि ज्यांना ती आवडते त्यांनी दुकानात जाऊन ती नाव घेऊन मागावी. "माल येत नाही" हे उत्तर ऐकण्याची पाळी येण्यापूर्वी मागावी.