ताडपत्रीच्या आड रंग, छातीत दमा

पावसाळा सरला, हवा कोरडी झाली, की गाड्या रंगवायची कामे निघतात. डेंटिंग-पेंटिंग शिकलेली आपली मुले ही कामे आता घरीच घेऊ लागली आहेत. घरामागे बांबू उभे करायचे, चारही बाजूंनी ताडपत्री लावायची, धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारायचे, कॉम्प्रेसर भाड्याने आणायचा, की झाले काम सुरू. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये राबण्यापेक्षा स्वतःचा धंदा बरा, हे कोणालाही पटेल. पण या तंबूत हार्डनरचा, म्हणजे टू-के रंग मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तंबू असतो तो गाडीसाठी. धूळ आत येऊ नये म्हणून. पण जी ताडपत्री धूळ अडवते, तीच फवाराही आत कोंडते, आणि त्या कोंडलेल्या हवेत आपला मुलगा तोंडाला रुमाल बांधून उभा असतो.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. 1984 साली भोपाळमध्ये सुटलेला वायू याच रसायनकुळातला. हार्डनरमधले रसायन तेच नव्हे आणि त्याचा घातही तसा एका रात्रीत होत नाही. ते दमा लावते. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरले, की पुढे अगदी थोडासा अंशही धाप लागायला पुरतो. मग हातात कितीही कला असो, धंदा सोडावा लागतो.

‘वास गेला, आता मास्क काढ,’ असे आपण सर्रास ऐकतो. नाकाला जो वास येतो तो बहुतेक थिनरचा. आयसोसायनेट अपायकारक प्रमाणात असले तरी वासावरून कळत नाही आणि फवारा दिसेनासा झाल्यावरही हवेत राहते. रुमाल याला अडवत नाही. साधा एन-95 वाफ थांबवत नाही. कार्ट्रिजचा मास्क थिनरला चालतो, पण इथे तो निकामी झाला तरी वासाने समजत नाही. खरा उपाय म्हणजे नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, आणि हवा ओढून गाळून बाहेर टाकणारा बूथ. घरचा टेबलफॅन म्हणजे बूथ नव्हे. उलट थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते. पंख्याच्या मोटरची ठिणगी किंवा शेजारच्या खोलीतली शेगडी तिला पुरते. त्याच खोलीत लेकरे झोपलेली असतात.

म्हणून ठोकाठोक, पुटी, ओला पॉलिश पेपर, मास्किंग टेप हे सगळे खुशाल घरी करा. शेवटचा फवारा मात्र बूथ असलेल्या गॅरेजमध्ये भाडे देऊन मारा. त्यात कमाईचा एक वाटा जातो, हे खरे. तो गिऱ्हाइकाकडून आधीच मागून घ्यावा.

आणखी एक. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने कामातून जडलेला दमा व्यावसायिक रोगांच्या यादीत घेतला. तरी जो गॅरेजमालक ‘घरी नेऊन मार’ म्हणतो, तो रंगाबरोबर ही जबाबदारीही तुमच्या घरी पाठवत असतो. उद्या भरपाई मागायची कोणाकडे?

फवारणीनंतर संध्याकाळी किंवा रात्री खोकला येतो, छाती आवळते, सुटीच्या दिवशी बरे वाटते, असे होत असेल तर थांबा. डॉक्टरांना नुसता खोकला सांगू नका. आपण हार्डनरचा रंग फवारतो हे सांगा आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवा.