गेटबाहेरची सुरक्षा

कारखान्यातल्या उष्म्याचा बंदोबस्त आता बहुतेक ठिकाणी ठरून गेला आहे. मार्च सरत आला की कूलर तपासले जातात, ओआरएसची पाकिटे येतात, भट्टीजवळच्या कामावर माणसे आलटूनपालटून लावली जातात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतले आपले सहकारीही यात मागे नाहीत. पण साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवेनासे झाले, की हाच कामगार चार मित्रांबरोबर मोटारसायकलवर नदी गाठतो. तिथे तो बुडाला, तर त्याची नोंद आपल्या अपघात नोंदवहीत होत नाही आणि चौकशी समितीही बसत नाही. नियमाने तो आपला अपघात नाही. तरीही सुरक्षा क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो आपला मानावा, असे आम्हाला मनापासून वाटते. नदीकाठी जे ज्ञान ऐनवेळी कमी पडते, ते आपल्याकडे आहे.

धोका ओळखणे ही आपल्या कामाची पहिली पायरी, म्हणून आधी नदी पाहू. शिरूर तालुक्यात रांजणगावे दोन. एक महागणपतीचे, पुणे-नगर रस्त्यावरचे. दुसरे सांडसचे, भीमेच्या काठचे. पलीकडे दौंड तालुका. याच भागात मुळा-मुठा भीमेला मिळते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी वाहून आणलेले हे पाणी असते. शहर मागे राहिले, तरी नदी शहराचीच असते. शिरूर गावाजवळून घोड वाहते. उन्हाळ्यात या नद्यांचे रूप बंधारे ठरवतात. ढापे टाकलेले असले, की पाणी तुंबते आणि वरून तळ्यासारखे शांत दिसते.

त्या शांत पाण्याखाली वाळू उपशाचे खड्डे आहेत. कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याच्या पायाखालची जमीन पुढच्याच पावलाला नाहीशी होते. काठ ढासळता असल्याने परत फिरायला आधार मिळत नाही. पाणी गढूळ, त्यामुळे खोली दिसत नाही आणि बुडालेला माणूसही दिसत नाही. जलपर्णीच्या लांब मुळ्या हातापायांत अडकतात. धरणातून आवर्तन सुटले, की आभाळात ढग नसतानाही पाणी चढते आणि ओढ वाढते. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी गोल फिरते आणि त्यात सापडलेल्याला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढते. तिथे पट्टीचा पोहणाराही दमतो. शिरूर-पारनेरच्या सीमेवर, कुकडीच्या पात्रात निघोजचे रांजणखळगे आहेत. त्यांच्या कडा प्रवाहाने इतक्या गुळगुळीत केल्या आहेत, की घसरलेल्याला बोट रोवायला जागा नाही.

त्यात माणसाची स्थिती धरा. तिसरी पाळी संपवून, न झोपता, उपाशीपोटी किंवा दारू पिऊन पाण्यात उतरलेल्याचा अंदाज आणि दम दोन्ही कमी झालेले असतात. असा कामगार मशीनवर आला, तर आपण त्याला काम करू देणार नाही. नदीवर त्याला अडवणारे कोणी नसते.

पहिल्या चुकीने एक माणूस जातो. पुढचे त्याला वाचवायला उतरल्याने जातात, आणि आपल्या व्यवसायाने सर्वांत जास्त बोलायला हवे ते याच टप्प्यावर. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुक इथे प्रवरेत दोन तरुण बुडाले. 23 मे रोजी त्यांतल्या एकाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नाव उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. प्रशिक्षण, नाव आणि साधने असलेल्यांची ही गत, तर अंगावरच्या पँटीनिशी उडी टाकणाऱ्या मित्राचे काय होत असेल?

आपल्याला हा प्रकार टाकीतला म्हणून परिचित आहे. ईटीपीच्या टाकीत एक जण कोसळतो, दुसरा त्याला उचलायला उतरतो, मग तिसरा. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात, असे अमेरिकेच्या निऑश संस्थेने 1986 मध्येच नोंदवले होते. तेव्हापासून आपण परमिट, बाहेर उभा पहारेकरी, ट्रायपॉड आणि दोर यांचा आग्रह धरला. ‘आत जाऊ नकोस, बाहेरूनच ओढ’ हे वाक्य आपण इतक्या वेळा सांगितले आहे, की जुन्या कामगारांना ते पाठ असते. हेच वाक्य नदीकाठाला लागू आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

ते सांगण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या. त्यात तळाला थोडे पाणी ठेवा, म्हणजे फेकताना तो वाऱ्याने भरकटत नाही आणि लांब जातो. झाकण घट्ट लावा, कानाला नायलॉनचा लांब दोर पक्का बांधा आणि दोराचे दुसरे टोक फेकणाऱ्याने पायाखाली धरून ठेवायचे. पाण्यात माणसाचे वजन फार थोडे भरते. तोंड वर ठेवायला एवढा आधार पुरतो. कॅन माणसाच्या डोक्यापलीकडे फेकायचा आणि दोर ओढत त्याच्या हाताशी आणायचा. कंपनीच्या आवारात प्रत्येकाला दोनदा फेकायला लावा. पहिली फेक बहुधा चुकते. ती चुकायचीच, तर आवारात चुकलेली बरी. दोर नसेल तर बांबू, साडी, एकमेकांना बांधलेले टॉवेल. पण फेकणाऱ्याचे पाय जमिनीवरच राहिले पाहिजेत. आणखी एक गोष्ट ठसवा: बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. त्याला ओरडायला श्वासच उरलेला नसतो. तोंड पाण्याशी, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत, नजर हरवलेली, असा माणूस एखाद्या मिनिटात खाली जातो.

बाहेर काढल्यावरची चूकही तितकीच घातक. पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, गोल फिरवणे यांत हातातली मिनिटे जातात. शिवाय पोटातले पाणी वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. बुडालेल्याचा जीव जातो तो प्राणवायूअभावी. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून श्वास थांबला असेल, तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग 30 दाब आणि 2 श्वास या प्रमाणात सीपीआर सुरू ठेवायचा. दरम्यान दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. आपले प्रथमोपचाराचे वर्ग हृदयविकार आणि विजेचा धक्का यांभोवती फिरतात. त्यांत बुडण्याचा एक तास जोडायला हवा.

हे काम कायम कामगारांपुरते ठेवले तर अर्धेच होईल. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कंत्राटी मुलांपैकी अनेक जण गावच्या नदीत पोहायला शिकलेले असतात, आणि त्या भरवशावरच ते अनोळखी पात्रात उतरतात. त्यांना हिंदीत, जमल्यास त्यांच्या बोलीत सांगा. ठेकेदाराच्या सुपरवायझरला सोबत घ्या. पाटबंधारे विभागाकडून आवर्तनाच्या तारखा मागवा आणि गेटवरच्या फळ्यावर लावा. नदीकाठच्या ग्रामपंचायतींना बंधाऱ्यावर कॅन, दोर आणि सूचनाफलक देण्याचा खर्च सीएसआरच्या हिशेबात सहज बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला सुमारे 3 लाख माणसे बुडून मरतात. 25 जुलै हा दिवस बुडणे रोखण्यासाठी पाळला जातो. आपल्याकडे मात्र जुलैपर्यंत थांबता येणार नाही. पोहायची गर्दी त्याआधीच होते. मेमधली पहिली साप्ताहिक सुट्टी येण्यापूर्वी प्रत्येक शिफ्टला पंधरा मिनिटांचे एक टूलबॉक्स टॉक नदीवर व्हावे आणि त्यात कॅन प्रत्यक्ष फेकला जावा, अशी या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आमची आग्रहाची विनंती आहे.