स्वीकृतीनंतरचे महिने

परदेशातील दत्तकेच्छुक पालकांनी बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल वाचून रेफरल, म्हणजे विशिष्ट मुलाचा प्रस्ताव, लेखी स्वीकारल्यावर मूल प्रत्यक्ष त्यांच्या स्वाधीन होईपर्यंत जो काळ जातो, त्याविषयीच्या तक्रारी या मासिकाकडे सातत्याने येत आहेत. त्या केवळ पालकांच्या नाहीत, विशेष दत्तक संस्थांतील सामाजिक कार्यकर्त्यांच्याही आहेत. स्वीकृतीपूर्वीच्या प्रतीक्षेविषयी पुष्कळ लिहिले जाते. स्वीकृतीनंतरची प्रतीक्षा मात्र निराळ्या जातीची आहे, कारण तेव्हा वाट पाहणारी माणसे दोन्हीकडे असतात: पालकांनी मुलाचे छायाचित्र पाहिलेले असते, खोली लावून ठेवलेली असते, आणि जाणत्या मुलाला कुटुंबाचा अल्बम दाखवून त्याची मानसिक तयारी करून घेतलेली असते.

या टप्प्याची कायदेशीर चौकट सुस्पष्ट आहे. भारताने २००३ मध्ये अनुसमर्थित केलेल्या १९९३ च्या हेग करारानुसार, पालक पात्र आहेत आणि मुलाला त्या देशात कायमचा प्रवेश मिळेल याची हमी स्वीकारणाऱ्या देशाने द्यावयाची असते (अनुच्छेद ५) आणि प्रक्रिया पुढे नेण्यास दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांची संमती लागते (अनुच्छेद १७). ही पत्रे आल्यावर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजे ‘कारा’ने, ना हरकत प्रमाणपत्र द्यावयाचे, त्याआधारे संस्थेने दत्तक आदेशासाठी अर्ज करावयाचा, आदेश झाल्यावर अनुच्छेद २३ खालील अनुरूपता प्रमाणपत्र मिळवावयाचे, आणि मग जन्मदाखला, पारपत्र व व्हिसा असा क्रम आहे. आदेशासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ ने दोन महिन्यांची मुदत घातली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नेला, ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्यापुढील प्रकरणे वर्ग करण्यास अंतरिम मनाई केली, तेव्हा अर्ज नेमका कोणापुढे चालवावयाचा या प्रश्नातच कित्येक मुलांचे महिने गेले. विलंब कमी करण्यासाठी केलेल्या बदलाने विलंबाचे एक नवे कारण निर्माण केले, हे खेदाने नोंदवावे लागते. तथापि आदेश कोणीही दिला तरी संस्थांच्या पत्रांतील मुख्य तक्रार त्यापलीकडची आहे.

ती तक्रार मुलाच्या जन्मतारखेविषयी आहे. सोडून दिलेल्या अवस्थेत सापडलेल्या मुलाचे रुग्णालयातील जन्मटिपण अस्तित्वातच नसते. वैद्यकीय अंदाजाच्या आधारे बालकल्याण समिती त्याचे वय निश्चित करते, आणि अधिनियमाच्या कलम ९४ नुसार समितीने नोंदवलेले वय या अधिनियमाच्या प्रयोजनार्थ त्या व्यक्तीचे खरे वय मानावयाचे असते. असे असूनही जन्म कोणत्या रुग्णालयात झाला, तेथील कागद कोठे आहे, मूळ आईवडिलांचे संमतिपत्र का जोडलेले नाही, अशा शेऱ्यांसह अर्ज परत येतात. जे मूल रस्त्याच्या कडेला किंवा देवळाच्या पायरीवर मिळाले, ज्याचा शोध पोलिसांनी व समितीने रीतसर घेतला आणि ज्याला समितीने दत्तकविधानासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केले, त्याच्या आईवडिलांची संमती मागणे म्हणजे समितीच्या आदेशाचे अस्तित्वच नाकारणे होय. शेरा लिहिणाऱ्यास तो एका वाक्याचा वाटतो. संस्थेला त्यासाठी पुन्हा समितीचे पत्र, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे पत्र आणि नवी तारीख मिळवावी लागते, आणि एवढे करूनही समितीच्या आदेशात जे आधीच लिहिलेले असते त्याहून काहीही अधिक हाती लागत नाही.

त्याच जातीचा दुसरा अडथळा नावाच्या वर्णलेखनाचा आहे. समितीच्या आदेशात मुलीचे नाव देवनागरीत एका रीतीने, वैद्यकीय अहवालात रोमन लिपीत दुसऱ्या रीतीने आणि जन्मदाखल्यात तिसऱ्या रीतीने येते. पारपत्राच्या खिडकीवर हा फरक उघड होतो आणि मग दुरुस्ती कोणी करावयाची यावर पत्रव्यवहार सुरू होतो. येथे दोष केवळ सरकारी कार्यालयांचा नाही.

परदेशी बाजूस प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत असल्यामुळे येथील एका महिन्याची किंमत तेथे अनेक पटींनी मोजावी लागते. गृह अध्ययन अहवाल, म्हणजे पालकांच्या घराचा, उत्पन्नाचा, आरोग्याचा व मनोवृत्तीचा सामाजिक कार्यकर्त्याने केलेला अभ्यास, आपल्या नियमांप्रमाणे ३ वर्षे ग्राह्य असतो. परंतु अमेरिकेतील पालकांना तेथील आप्रवासन खात्याकडून ‘आय-८००ए’ या अर्जावर जी मान्यता मिळते, ती १५ महिन्यांची असते आणि ती वाढवून घेण्यासाठी अहवाल अद्ययावत करावा लागतो, त्याचे शुल्क भरावे लागते आणि मधल्या काळात नोकरी बदलली किंवा घर बदलले तर तीही नोंद द्यावी लागते. अनिवासी भारतीय आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकत्वधारक) पालकांना रेफरलमध्ये प्राधान्य असले तरी, अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी जोडप्यांनाही स्वीकृतीनंतर बहुतांशी हेच उंबरठे ओलांडावे लागतात. कायदा आपल्या बाजूस असूनही तारीख कोणीच सांगत नाही, ही त्यांच्या पत्रांतील व्यथा रास्त आहे.

त्याहून गंभीर हानी मुलाची होते. परदेशी कुटुंबांकडे जाणारी मुले बहुतांशी भारतात कुटुंब न मिळालेली, म्हणजे वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा विशेष वैद्यकीय गरजा असलेली असतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट जितक्या लहान वयात बसेल तितका त्याच्या भाषाविकासाला लाभ होतो. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया लांबली तर उच्चारांवर परिणाम होतो. पालकांनी तो वैद्यकीय अहवाल वाचून, तेथील डॉक्टरांशी बोलून, उपचाराची तयारी करून मूल स्वीकारलेले असते. शेऱ्यांच्या फेऱ्यांत गेलेले वर्ष त्या मुलाला कोणतीही शस्त्रक्रिया परत देऊ शकत नाही.

दक्षता शिथिल करावी, असे या मासिकाचे म्हणणे नाही. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये परदेशी दत्तकविधानासाठी कठोर दंडक घातले, ते मुलांचा व्यापार रोखण्यासाठी, आणि महाराष्ट्रालाही त्यांची गरज किती खरी आहे याचा अनुभव आहे. परंतु हे मूल खरोखर निराधार आहे काय, त्याच्या समर्पणामागे दडपण किंवा पैसा होता काय, भारतात त्याच्यासाठी कुटुंब मनापासून शोधले गेले काय, हे प्रश्न रेफरलच्या आधीच्या टप्प्यावर विचारावयाचे आहेत, आणि तेथे ते आजच्यापेक्षा अधिक कठोरपणे विचारले जावेत. स्वीकृतीनंतर रुग्णालयाचे टिपण मागितल्याने एकही चोरलेले मूल सापडत नाही. खिडकीवरील अधिकाऱ्यांना कलम ९४ चे प्रशिक्षण देणे आणि परत पाठवलेल्या प्रत्येक अर्जावर कायद्याचे कलम नमूद करणे बंधनकारक करणे, एवढे राज्याच्या महिला व बालविकास विभागास एका परिपत्रकाने साधता येईल.

आता संस्थांविषयी. जुनी वजन-उंची असलेला वैद्यकीय अहवाल तसाच ‘कारा’च्या पोर्टलवर ठेवणे, परदेशी डॉक्टरांच्या प्रश्नांना आठवडेच्या आठवडे उत्तर न देणे, नावाचे रोमन लेखन समितीच्या आदेशाच्या दिवशीच ठरवून न घेणे, हे दोष काही संस्थांत वर्षानुवर्षे चालू आहेत आणि मनुष्यबळ नाही हे त्याचे एकमेव उत्तर असू शकत नाही. समितीचा आदेश हाती पडताच त्यातील नाव, लिंग, जन्मतारीख प्रत्येक कागदाशी ताडून पाहावी, कलम ९४ चा उतारा अर्जाच्या पहिल्या पानाशी जोडावा, आणि अर्ज परत आल्यास तोंडी उत्तरावर समाधान न मानता लेखी कारण मागावे. ही लेखी कारणे मुलांची ओळख काढून टाकून या मासिकाकडे पाठवावीत. ती जिल्हावार संकलित करून विभागापुढे आणि ‘कारा’पुढे ठेवण्याची जबाबदारी संपादक मंडळ घेत आहे. ज्या संस्थांकडे आज ना हरकत प्रमाणपत्र मिळूनही अडकलेली प्रकरणे आहेत, त्यांनी पुढील अंकाची वाट न पाहता ती कारणे याच आठवड्यात पाठवावीत.