मीटर बदला म्हणे!

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडला, की हल्ली एकच सल्ला मिळतो : मीटर बदला. आमच्या १९८६ सालच्या पद्मिनीचा काटा दिवाळीनंतर रिकाम्यावर जाऊन बसला, तेव्हा मलाही तोच मिळाला. चिरंजीवांचा सल्ला त्याच्याही पुढचा, "बाबा, आता गाडीच काढून टाका." माझं मत मात्र ठाम आहे. दोष न शोधता सुटा भाग बदलण्याला दुरुस्ती म्हणू नये.

खरं तर या गाडीबद्दल सोलापूरकरांना थोडा जास्त जिव्हाळा हवा. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली इथेच, सोलापुरात जन्मले. कुर्ल्याच्या कारखान्यात जी फियाट ११०० तयार होई, तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, म्हणजे माझ्या बऱ्याच नंतर.

तर काट्याचं. यात गूढ काही नाही. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. तो वरखाली झाला की त्याच्या दांडीचं टोक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं, विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि समोरचा काटा हलतो. मधे एक वायर आणि टाकीचं अर्थिंग. बस्स, एवढाच संसार! मग सुरुवात सगळ्यात महाग वस्तूपासून का करायची?

मी आधी फ्यूज पाहिला. मग किल्ली बंद ठेवून टाकीवरची वायर काढली, ती गाडीच्या उघड्या पत्र्याला जोडली आणि मगच किल्ली फिरवली. (हा क्रम सोडू नका मंडळी, पेट्रोलजवळ ठिणगी नको.) काटा झरकन फुल्लवर! म्हणजे मीटर ठणठणीत, वायरही शाबूत. उरला फ्लोट किंवा अर्थिंग. फ्लोटला बारीक भोक पडलं तर आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो आणि काटा रिकाम्यावरच राहतो. पण टाकी उघडण्याआधी अर्थिंग तपासणं सोपं. किल्ली पुन्हा बंद केली, काढलेली वायर जागेवर लावली, फ्लोटच्या झाकणापासून पत्र्यापर्यंत एक वेगळी वायर जोडली आणि किल्ली फिरवली. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. टाकीत पेट्रोल तेवढंच होतं. दोष होता स्क्रूखालच्या गंजात. खर्च सँडपेपरचा.

मीटर बदललं असतं तर? नवं मीटर त्याच गंजावर चाललं असतं. शिवाय बाजारातला मिळताजुळता भाग जुन्या फ्लोटशी जुळला नाही, तर काटा चालतो पण खोटं सांगतो. हे मला बंद काट्यापेक्षा भयंकर वाटतं. काटा बंद असला की माणूस वहीत किलोमीटर मांडून पेट्रोल भरतो. खोटा काटा मात्र रात्री तुळजापूरहून परतताना, शेजारी सौ. बसलेल्या असताना, मधेच दगा देतो.

चिरंजीव म्हणतात, यासाठी पूर्ण सकाळ घालवली? घालवली. पेन्शनरापाशी दुसरं काय असतं? पण गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोरांना ही दहा मिनिटांची तपासणी कोणी दाखवत नाही, याची खंत आहे. जुने मिस्त्री थकले, पोरांच्या हाती फक्त नव्या भागांचा खोका आला. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही त्यात असेल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या लोखंडी टाक्यांना पाणी म्हणजे गंज. असे रुसलेले काटे यापुढे जास्तच दिसणार.