अम्मीचे पैसे जकातीत धरावेत का?

घोडेगावात जनावरांचा बाजार होता. बाजार उरकून चहाला बसलो, तेव्हा ओळखीच्या एका तरुणाने आम्हाला विचारले, “चाचा, पुण्याहून अम्मीला दरमहा तीन हजार पाठवतो. वर्षाची जकात त्यातच धरली तर चालेल ना?”

प्रश्न भाबडा होता आणि तो त्याच्या एकट्याचा नाही. रमजानमध्ये हिशेब मांडताना अनेक घरांत हीच शंका निघते. उत्तर स्पष्ट आहे: चालणार नाही.

जकातीचे हक्कदार असलेले आठ वर्ग सूरह तौबाच्या 60व्या आयतीत सांगितले आहेत. गरीब आई-वडील त्यांत बसतील, असे वाटते. पण हनफी फिकहप्रमाणे आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे आणि पती-पत्नी यांना एकमेकांची जकात देता येत नाही. गरजू आई-वडिलांचा नफका, म्हणजे पोटापाण्याचा खर्च, ऐपत असलेल्या मुलांवर वाजिब आहे. तो जकातीतून दिला, तर आपलेच देणे गरिबांच्या हक्कातून फेडल्यासारखे होते. गरजू भाऊ, बहीण, मावशी, फुफी यांना मात्र जकात देता येते.

देशाचा कायदाही हेच सांगतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. त्यात मुलाइतकीच मुलगीही जबाबदार धरली आहे आणि निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पण आईवर पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायची वेळ यावी, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

आम्ही त्या तरुणाला दोन वेगळे हिशेब ठेवायला सांगितले, एक जकातीचा, एक अम्मीचा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तसं पाहिलं तर तीन हजार कमीच आहेत, चाचा. तिच्या औषधालाच हजार लागतात.”

याच बाजारात म्हैस विकून त्याच्या मरहूम अब्बांनी त्याची फी भरली होती. ती कोणत्या खात्यात धरायची, असे त्यांनी कोणाला विचारले नव्हते.

वाचकहो, यंदा जकात मोजायला बसण्याआधी घरी एक फोन करा. “अम्मी, पैसे पुरतात का?” एवढेच विचारा. ती “पुरतात” म्हणाली, तरी औषधांची चिठ्ठी मागवून घ्या. आया सहसा “पुरतात” असेच म्हणतात.