हवा करायची तर आधी टायरमध्ये!

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सध्या एक नवं खेळणं हातोहात फिरतंय. पाण्याच्या लहान बाटलीएवढं, वर आकडे चमकणारी स्क्रीन, बटण दाबलं की घर्रर्र आवाज. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. ऑनलाइन सेल लागला की दीड-दोन हजारांना मिळतो, जरा नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर तीन-चार हजार मोजावे लागतात. म्हणजे मेसचा एक महिना गेलाच समजा. मग प्रश्न येतो, घ्यायचा का? आणि घ्यायचा तर बघायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. रोज हायवेने ये-जा करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. गावातल्या गावात, रूम ते क्लास आणि क्लास ते कट्टा एवढंच फिरणाऱ्याने पैसे वाचवावेत. आणि खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा बघून तर कुणीच घेऊ नये. कारण हा पंप पंक्चर काढत नाही भो! तो फक्त वेळ काढून देतो. अंधाऱ्या रस्त्यावरून उजेडातल्या ढाब्यापर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत पोचायला जी पंधरा-वीस मिनिटं लागतात, ती तुम्ही विकत घेत असता. त्यामुळे तुम्हाला त्या वीस मिनिटांची गरज आहे का, एवढाच हिशेब मांडायचा.

रस्ता बदलला, दुकानं मागे राहिली

घरी विषय काढला की वडील म्हणतील, "आमचं नाही कुठं अडलं पंपावाचून." खरंच नसेल अडलं. धुळ्याहून जळगावला निघालं की फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावं एकामागून एक लागायची आणि स्टँडजवळ खांबाला जुना टायर लटकवलेलं दुकान हमखास दिसायचं. बसलेली गाडी ढकलत नेली तरी तासाभरात सोय व्हायची.

आता फागणे ते तरसोद रस्ता चौपदरी झाला. पाळधीपासून तरसोदपर्यंतचं वळण तर जळगाव शहराला बाजूलाच ठेवतं. ट्रॅफिकच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण बायपासवर वस्ती नसते आणि वस्ती नाही तिथे पंक्चरवाले काका नसतात. दुभाजक ओलांडता येत नाही, सर्व्हिस रोडला उतरायची जागा दोन किलोमीटर पुढे असते आणि शेजारून सुरत-नागपूरचे ट्रक सुसाट जात असतात. धुळ्याहून नरडाणा, शिरपूरकडे आग्रा हायवेने जाणाऱ्यांनाही हे वेगळं सांगायला नको.

आपलं विद्यापीठही या हायवेलाच लागून आहे. एरंडोल, धरणगाव, पारोळ्याकडून रोज बाइकवर येणारे कितीतरी जण आहेत. प्रॅक्टिकल लांबलं, हिवाळ्यात सहालाच अंधार पडला आणि मागचा टायर बसला, तर पंक्चर ही अडचण आहे, पण कडेला उभं राहणं हा धोका आहे. 'उभ्या वाहनाला मागून धडक' ही बातमी आपण इतक्यांदा वाचतो की आता तिच्यावर नजरही थांबत नाही. एकटी मुलगी स्कूटीवर असेल तर तिची काळजी आणखी वेगळी. मला हा पंप हौसेची वस्तू वाटत नाही तो यासाठी. ज्याचा रोजचा रस्ता असा आहे, त्याला तो हेल्मेटच्या खालोखाल लागतो.

आडवाटेच्या भटकंतीतही तो कामाला येतो. कन्नड घाट, पाल, मनुदेवी किंवा थंडीत शेतातली भरीत पार्टी. बाभळीचा काटा आणि कापूस निघाल्यावर उरलेल्या पऱ्हाटीची खुंटं कुणाची गाडी ओळखत नाहीत.

आधी आपलं चाक ओळखा

तुमच्या चाकात ट्यूब आहे की टायर ट्यूबलेस आहे? पंप घेण्याआधी याचं उत्तर हवं. मॅगव्हील आहे म्हणजे ट्यूबलेसच, असं धरून चालू नका. खाली बसून टायरच्या कडेवर लिहिलेलं वाचा.

ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर बहुतेक वेळा तोच भोक धरून ठेवतो आणि हवा हळूहळू जाते. अशा वेळी खिळा उपटायचा नाही. पंपाने हवा मारायची, दोन मिनिटं आकडा बघायचा. फारसा उतरत नसेल तर तीस-चाळीसच्या स्पीडने जवळच्या दुकानापर्यंत जायचं. झपाट्याने उतरत असेल तर निघायचं नाही, आधी भोक बंद करायचं. त्यासाठी चिकट रबरी पट्ट्यांचं छोटं किट मिळतं, दोन-तीनशे रुपयांत. पंपासोबत हे किट नसेल तर तुम्ही अर्धीच खरेदी केली. किट वापरायला घरच्या घरी शिकता येतं. पंक्चरवाल्या काकांना विचारून एकदा त्यांच्याचकडच्या टाकाऊ टायरवर हात साफ करून घ्या.

ट्यूबवाल्या चाकाचं, म्हणजे बहुतेक स्पोकवाल्या गाड्यांचं, गणित वेगळं आहे. ट्यूब फाटली की हवा व्हॉल्व्हच्या आणि स्पोकच्या भोकांतून भसाभस निघून जाते. तिथे चार हजारांचा पंपही हात टेकतो. अशा गाडीवर पंपाचा उपयोग रोजची हवा सांभाळायला आणि फार तर अगदी बारीक पंक्चरला. गाडी स्पोकवाली असेल तर तेच पैसे नव्या ट्यूबला आणि बऱ्या टायरला घातलेले जास्त शहाणपणाचे.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

पहिला आकडा असतो १५० पीएसआय, आणि तो ठळक. तुमच्या बाइकला लागतात किती? शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे २५ च्या आसपास, मागे एकट्याला २८-३०, डबलसीट असेल तर ३२ ते ४०. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा मात्र तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा असतो, तेवढी हवा मारायची नसते. तर मग ४० च्या कामाला १५० ची मिजास कशाला? बघायचं ते हे की ३०-३५ पर्यंत तो दमादमाने न थांबता पोचतो का.

दुसरा आकडा एमएएचचा. इथे चांगले चांगले फसतात. एका पंपावर ६००० लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर २०००. पहिला तिप्पट ताकदीचा? नाही. एमएएचला व्होल्टने गुणल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ३.७ व्होल्टचे ६००० एमएएच म्हणजे २२.२ वॉट-तास. ११.१ व्होल्टचे २००० एमएएच म्हणजेही २२.२ वॉट-तासच. दोन्हीत आत तीनच सेल, फक्त जोडणी वेगळी. आणि २००० एमएएच ७.४ व्होल्टचे असतील तर होतात १४.८. म्हणून वॉट-तास विचारा. लिहिलेले नसतील तर व्होल्ट शोधा. तेही नसतील तर ती वस्तू खाली ठेवा.

तिसरा दावा, 'एका मिनिटात फुल्ल!' कुठला टायर, किती हवेपासून किती हवेपर्यंत, हे बारीक अक्षरात शोधा. बसलेला टायर पूर्ण भरणं आणि २८ चे ३२ करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाइकच्या टायरमध्ये चारचाकीच्या मानाने हवा खूप कमी मावते, त्यामुळे आपलं काम लहान पंपावरही भागतं. बसलेला टायर तीन-चार मिनिटांत भरला तरी पुरे. सलग चालून पंप तापतो, त्याला मध्ये विश्रांती द्यावी लागते.

खोक्यावर नसलेल्या तीन गोष्टी दुकानात हाताळून बघा. पहिली, नळी. ती आटे फिरवून बसणारी असेल तर काढताना थोडी हवा जाते, म्हणून एक-दोन पीएसआय जास्त भरायची. स्कूटीचं चाक लहान आणि काही बाइकच्या मागच्या चाकाला डिस्क असते, म्हणून लांब ताठ नोझल तिथे कधी कधी शिरतच नाही. शक्य असेल तर आपल्याच गाडीला लावून बघा. दुसरी, ठरवलेल्या आकड्याला पंप आपोआप थांबतो का? तिसरी, टाइप-सी चार्जिंग आणि बरी टॉर्च आहे का? अंधारात व्हॉल्व्ह शोधताना टॉर्चची किंमत कळते.

गाडीच्या बॅटरीवर चालणारे बारा व्होल्टचे पंपही मिळतात, स्वस्तही असतात. पण ते बहुधा चारचाकीच्या हिशेबाने बनवलेले असतात. शंभर सीसीच्या गाडीची बॅटरी इवलीशी. तिच्यावर असा पंप लावला तर फ्यूज तरी उडेल, नाहीतर बॅटरी तरी बसेल.

मे महिना आणि डिकी

जळगाव-भुसावळचा मे महिना कसा असतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पारा ४५ ला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या स्कूटीची डिकी म्हणजे भट्टी. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं साधारणपणे सांगितलं जातं आणि नुसती तापत ठेवली तरी तिचं आयुष्य घटतं. म्हणून उन्हाळ्यात पंप डिकीत टाकून विसरू नका. सॅकमध्ये ठेवा, वर्गात न्या. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. वापर नसेल तेव्हा बॅटरी निम्म्याच्या थोडी वर ठेवा आणि महिन्याला एकदा बघा. ऐन वेळी पंपाची स्क्रीनच पेटली नाही, तर खिशातल्या फोनचा आणि त्याचा उपयोग सारखाच.

उन्हाचा परिणाम टायरवरही होतो. तापमान १० अंशांनी बदललं की आकडा साधारण दीड पीएसआयने हलतो. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत सहज ३० अंशांचा फरक पडतो, म्हणजे चार-पाच पीएसआय. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. दुपारी हायवेवरून आल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर फिरणार. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो, वळणावर गाडी जड जाते आणि डबलसीट असताना तो दगा देऊ शकतो.

आधी हक्काची हवा

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं हा तुमचा हक्क आहे. तेल कंपन्यांच्या नियमावलीतच ते आहे. 'मशीन बंद आहे' हे उत्तर रोज मिळत असेल तर तिथली तक्रार वही मागा आणि लिहा. आपण पाचशेचं पेट्रोल भरतो, हवेचं विचारत नाही आणि मग दोन हजारांचं मशीन ऑर्डर करतो, हे काही बरोबर नाही.

त्यामुळे माझ्या मते खरेदीचा क्रम असा असावा. आधी दोन-तीनशेचा साधा प्रेशर गेज. दर आठवड्याला एकदा, सकाळी, दोन मिनिटं. निम्मी दुखणी इथेच कळतात. पंपाच्या स्क्रीनवरचा आकडा खरा की खोटा हेही त्यानेच ताडता येतं. ट्यूबलेस असेल तर मग पंक्चर किट. त्यानंतरच पंप, आणि तोही एकट्याने घ्यायची गरज नाही. रूमवर चौघं असाल तर प्रत्येकी पाच-सहाशे काढा. ज्याचा त्या आठवड्यात लांबचा रस्ता, त्याच्या सॅकमध्ये पंप. परत देताना चार्ज करून द्यायचा, एवढा एकच नियम.

आणि पंप असला तरी तो कुठे चालवायचा हे लक्षात ठेवा. टायर बसल्याचं जाणवलं की ब्रेक करकचून न दाबता हळूहळू डावीकडे या आणि रस्ता सोडून शक्य तितकं आत जा. इंडिकेटर चालू, पाठ रस्त्याकडे नाही, सोबतचा मित्र मागून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवून. जागा बरी नसेल तर टायरची पर्वा न करता गाडी हळूच ढकलत पुढे न्या, टायर नवा आणता येतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि तातडीच्या वेळी ११२ हे दोन नंबर आजच सेव्ह करा. त्यांना चार्जिंगही लागत नाही आणि वर्गणीही.

ग्रुपमध्ये हवा करायला गाडीचा आवाज आणि रील पुरेसे असतील. पण रात्री साडेआठला पारोळ्याच्या पुढे टायर बसला, तर कामाला येते ती टायरमधलीच हवा. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी एकदा बघा, ती किती आहे.